व्याह्यांचा पांढरा उजेड

आमच्या सुनेच्या वडिलांइतका दिव्यांवर संशय घेणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात सापडायचा नाही. कुणाकडे गेले की आधी बल्बकडे बघणार, मग यजमानाकडे. "हा पांढरा न्हाई. निळ्याला पिवळं फासलंय. लाल कुठंय यात?" आष्टीच्या एका लग्नात सीडीचा तुकडा डोळ्याशी धरून मांडवातल्या उजेडाचे रंग फोडून तपासत होते, नवरदेवाच्या मामाला वाटलं, नवरी निरखताहेत. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झाले आणि बदनापुरातल्या घरी, मागच्या खोलीत, अर्धवाहकांचे स्फटिक शिजवू लागले. कण इतके बारीक की दिसतो फक्त त्यांचा रंग. माल एकच, कमी तापवला तर कण लहान राहून हिरवे उजळतात, जास्त तापवला तर वाढून लाल. निळ्या दिव्यावर दोन्ही बेताने बसवले की खरा पांढरा. मला हे झटकन कळलं. एकतारी पाक दोनतारी व्हायला नजर हटायचाच अवकाश असतो.

हा सगळा खटाटोप कमलताईंसाठी, म्हणजे त्यांच्या पत्नीसाठी. कंबर मोडल्यापासून त्या बिनखिडकीच्या मधल्या खोलीत पडून. गोधड्या शिवणंही सोडलं होतं. "लाल चिंधी बी मातकट दिसती, मंग जोडू काय?"

लाल कण शिजत होते आणि मी दारात उभी. आता माझी थोरवी ऐका. मुलाच्या लग्नात व्याही उठून सामोरे आले नाहीत म्हणून मी भर पंगतीत रुसले होते. वेणी घसरून कानावर आली तरी रुसवा उतरेना. तेव्हापासून हा भला माणूस माझी चाहूल लागताच हातातलं टाकून उठतो. त्या दिवशीही उठले, पाणी दिलं, खुशाली विचारली. परत जाऊन बघतात तो चंबूत सगळं काळपट.

"महिन्याची मेहनत गेली," ते शांतपणे म्हणाले.

"मग उठलात कशाला?"

"न्हाई उठलो तर तुम्ही रुसता, विहीणबाई."

पुढच्या खेपेला मी चपला हातात घेऊन आले आणि ते बाहेर येईपर्यंत ओट्यावर गप्प बसून राहिले.

दिवा मधल्या खोलीत लागला. कमलताईंनी चिंध्यांकडे बघितलंच नाही. नवऱ्याकडे बघत राहिल्या.

"अहो, तुमच्या तोंडावर तर चांगली लाली हाय की! मी इतके दिवस घाबरून होते. म्हणलं, ह्यांना काहीतरी झालंय, अन् मला सांगून न्हाई राह्यले."

मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ तिथंच थांबले.