एका कपाळाची चर्चा

माझा आवाज चढत नाही. मी प्रवचनाला उभा राहिलो की मागच्या बाकांवरची माणसे पुढे येऊन बसतात, आणि याला लोक माझी नम्रता समजतात. म्हणून हे लिहून ठेवणे भाग आहे की मुलुंडच्या आमच्या चर्चच्या सभागृहात, त्या मंगळवारी, मी संतापाने जळत बसलो होतो. आणि वर्ष उलटले तरी तो संताप निवलेला नाही.

उपनगरांतल्या आम्हा पाळकांचा एक अभ्यासवर्ग होता. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर इथून सातआठ जण महिन्यातून एकदा जमत. कोणी निबंध वाचे, मग चहा आणि वाद. मला तो वर्ग फार प्रिय होता. अंत्यविधी, लग्ने आणि गळके छप्पर यांत अडकलेल्या माणसाला एखाद्या ग्रीक शब्दाच्या मुळाशी जाण्यात निर्मळ सुख लाभते.

घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीतली एक बाई बरेच दिवस आमच्या उपासनेला येत होती. घर मूळचे कोकणातले. तिने बाप्तिस्मा मागितला. नवरा गिरणी बंद पडल्यापासून एका कारखान्यावर रखवालदारी करीत होता. मी त्याला भेटलो तेव्हा तो सरळ म्हणाला, "चर्चात जाऊ दे, बाप्तिस्मो घेऊ दे, माका काय नाय. पण कपाळ पांढरा नाय करूचा. मी अजून जितो आसंय." तिचीही तीच अट होती. आमच्या मंडळीत कुंकू लावणारी दुसरी बाई नव्हती, म्हणून बंधूंचा सल्ला घ्यावा, असे मला वाटले.

त्या महिन्याचा निबंध परदेशात ईश्वरविज्ञान शिकून आलेल्या एका तरुण प्राध्यापकाने वाचला. कुंकू ही उपासना की निव्वळ रूढी, असा विषय. निबंध विद्वत्तापूर्ण होता. मूर्तींना वाहिलेल्या मांसावरून प्राचीन ग्रीसमधल्या करिंथ शहरच्या ख्रिस्ती मंडळीत जो वाद झाला, त्यावरच अर्धा तास गेला.

"अरे, करिंथ पुरे, आता कुर्ल्यापर्यंत ये," बोरिवलीचे पाळक म्हणाले, आणि सगळे हसले.

"हसू नका," अंधेरीचे वृद्ध पाळक म्हणाले. "माझ्या आजीनं ख्रिस्ती होताना कुंकू पुसलं तेव्हा गावानं तिला विहिरीवर येऊ दिलं नाही. ते काय फुकट सोसलं तिनं?"

या बोलण्यापुढे मी आजही मान लववतो. पण ते बोलत असताना ती बाई बाहेरच्या बाकावर बसली होती. वर्गाच्या अध्यक्षांच्या सांगण्यावरून मीच तिला आणले होते. नवराही रजा टाकून आला होता. दोन तास त्यांना कोणी पाणी विचारले नाही.

अखेर तिला एकटीला आत बोलावले. प्राध्यापकांनी घडी घातलेला पांढरा रुमाल पुढे केला. स्वर अतिशय सौम्य होता. "ताई, आमची सक्ती नाही. पण आत्ता, आमच्यासमोर पुसलंत, तर ती केवढी मोठी साक्ष होईल!"

तिने रुमाल घेतला नाही. मग म्हणाली, "आमचे हे बाहेर बसलेत. त्यांना आत बोलवा, आणि त्यांच्या तोंडावर सांगा ना मला हे पुसायला."

कोणीही उठले नाही. मराठी घरांत वाढलेली, विधवेचे कपाळ पाहिलेली आम्ही माणसे!

"प्रश्न भावनेचा नाही, बाई, तत्त्वाचा आहे," अध्यक्ष म्हणाले. विरुद्ध पक्षाचा निबंध पुढच्या महिन्यात ऐकू आणि मग ठरवू, असे त्यांनी सुचवले. माना डोलल्या.

"येत्या रविवारी मी यांना बाप्तिस्मा देईन," मी म्हणालो. "कुंकवासकट."

"रेव्हरंड, जरा मोठ्यानं बोला," कोपऱ्यातून कोणी म्हणाले. मी तेच वाक्य पुन्हा तितक्याच हळू उच्चारले.

त्या रागात मला गोडी वाटली, हेही खरे. बंधूंचे चेहरे पडलेले पाहून मी सुखावलो, आणि त्या सुखाची क्षमा मी अनेकदा मागितली आहे. रागाची मात्र मागितलेली नाही; मागू पाहतो, तर शब्द खोटे निघतात.

रविवारी दोन कुटुंबे उपासनेतून उठून गेली. मी तिच्या मस्तकावर तीनदा पाणी घातले. ते कपाळावरून ओघळले आणि कुंकू नाकावर उतरले.

ही बातमी माझ्या आधी अभ्यासवर्गात पोहोचली होती. पुढच्या बैठकीत अध्यक्ष प्रसन्न होते. पाण्याने कुंकू वाहून गेले, म्हणजे बाप्तिस्मा कोऱ्या कपाळानेच झाला. तेव्हा दोन्ही पक्षांचे समाधान व्हावे, असे ते म्हणाले.

"म्हणजे निकाल वरूनच लागला!" बोरिवलीकर म्हणाले. सगळे मोकळेपणाने हसले. बाईचे काय झाले, हे कोणीच विचारले नाही.

मग मी सांगितले. उपासनेनंतर पाळकांच्या खोलीत तिने पदराने कपाळ टिपले, नवऱ्याने खिशातून कुंकवाची डबी काढून दिली, आणि माझा दाढीचा आरसा मी तिच्यासमोर धरला.

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "आरसा धरण्यामागे आपली ईश्वरविज्ञानविषयक भूमिका कोणती होती?"

"आरशाशिवाय नीट लागत नव्हतं त्यांना," मी म्हणालो, आणि छत्री घेऊन निघालो.