केबल बदलून बघितली का?

आमच्या शेजारच्या तात्यांनी जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. बायको गेली, मुलगा परदेशी, आणि स्वभाव असा की कुणाच्या दारात जाऊन बसायचे नाहीत. मी त्यांना तोंडावर घुम्या म्हणते. ते नुसते मान हलवतात. मुलाचा फोन महिन्याकाठी एखादा, तोही 'तब्येत बरी ना?' एवढ्यावर आटपणारा.

कॉम्प्युटर रखडतो म्हणून तात्यांनी नवी ड्राइव्ह आणली आणि स्वतःच बसवली. म्हणे, "एवढी घड्याळं उघडली, हा डबा काय अवघड?" झालं! पडद्यावर नवी दिसायला लागली आणि घरातले सगळे फोटो असलेली जुनी डिस्क गायब. मुलगा हादरला. रोज संध्याकाळी फोन करू लागला.

"बाबा, केबल बदलून बघितली का?"

"बघतो."

"कान लावून ऐका, डिस्क फिरल्याचा आवाज येतो का?"

"येतोय की."

केबलवरून गोष्ट जेवणावर यायची, जेवणावरून नातीच्या शाळेवर. भिंतीपलीकडून तात्यांचं हसू ऐकू यायला लागलं. मला तर आधी खरंच वाटेना.

एका दुपारी पेपर परत करायला गेले, तर पडद्यावर जुनी डिस्क व्यवस्थित दिसत होती. तात्या चोरी पकडली गेल्यासारखे उभे. नवी ड्राइव्ह बसली की डब्याच्या आतल्या बोर्डावरची केबल लावायची एक खाच आपोआप बंद पडते, एवढंच झालं होतं. त्यांनी जुन्या डिस्कची केबल शेजारच्या खाचेत लावली होती.

"कधी सापडलं हे?"

"झाले बरेच दिवस."

"आणि रोज फोनवर काय सांगता?"

"नाही दिसत, म्हणून सांगतो."

एरवी मी फाडफाड बोलले असते. पण पेपर टेबलावर ठेवला आणि खुर्ची ओढून बसले.

तेवढ्यात फोन वाजला. तात्या नेहमी स्पीकरवरच बोलतात.

"बाबा, आत्याकडे सगळ्या फोटोंची कॉपी निघाली! आता नका डोकं शिणवू. टाकून द्या ती डिस्क."

तात्या गडबडले. "अरे, थांब थांब. दिसतेय ती! आत्ताच दिसली. आवाजही छान येतोय."

"अरे वा! मग तर प्रश्नच मिटला."

"अजून काही तपासायचं असेल तर..."

"नाही हो बाबा, झालं की सगळं. ठेवू?"

"ठेव," तात्या म्हणाले.