घाशाची काच आणि माझी किल्ली

आमच्या काचेच्या कारखान्यात त्याला सगळे घाशा म्हणत. वाळूच्या फवाऱ्यानं साधी काच घासून धुरकट करायची, हे त्याचं काम. बावीस वर्षं केलं. त्याच्यासारखा हात कुणाचा नव्हता, आणि त्याच्यासारखा खोकलाही.

मी नवा असताना त्यानं मला मालकाच्या केबिनच्या दाराशी नेलं. दाराची धुरकट काच त्याचीच. जिभेवर ओला केलेला अंगठा त्यानं खरखरीत बाजूवर दाबून काढला, आणि तेवढ्या ठिपक्यातून आरपार दिसायला लागलं.

"खरखरीत काचेवर उजेड सैरावैरा पळतो," तो म्हणाला. "खाचा पाण्यानं भरल्या की मुकाट्यानं सरळ जातो. आपण मालकासमोर जातो तसा."

वर्षातून एकदा आवारात गाडी यायची आणि भराभर सगळ्यांच्या छातीचे एक्स-रे काढून जायची. आपला फोटो मागून घेणारा घाशा एकटाच. एका वर्षी मी गळ्यातली कपाटाची किल्ली काढायला विसरलो. फोटो आले त्या दिवशी मी अंगठा ओला करून केबिनमध्ये डोकावलो. मालक खिडकीच्या उजेडात एकेक फोटो धरत होता. एकात छातीभर पांढरे ठिपके होते. तो त्यानं खणात कोंबला. दुसऱ्यात बरगड्यांवर माझी किल्ली लटकत होती. तो पाकिटात घालून त्यानं घाशाला हाक मारली.

"घे. झकास!"

मी बोलायला हवं होतं. पण घाशा उठला की त्या वाळूच्या फवाऱ्यापुढे मला बसावं लागणार, हे ठरलेलं होतं. मी भित्रा माणूस. काचेवरचा ओला ठिपका बाहीनं पुसून टाकला.

घाशानं फोटो उजेडात धरला. मग माझ्या गळ्यातली किल्ली दोन बोटांनी उचलली आणि सोडून दिली.

"छाती झकास आहे तुझी," तो म्हणाला. "सोमवारपासून तू बस."

आपला हात थरथरतो, याला तयार केलंय, असं त्यानं मालकाला सांगितलं. आठ महिन्यांत गेला. त्याची बायको मला म्हणाली, "फोटो तर चांगला आला होता ना हो, भाऊजी?"

मी हो म्हणालो.

तेव्हापासून दर वर्षी मी किल्ली मुद्दाम गळ्यात ठेवतो आणि फोटो मागून घेतो. नऊ वर्षं ती बरगड्यांवर स्पष्ट दिसली.

यंदा मला खोकला लागलाय. काल मालकानं पाकीट पुढे केलं. "झकास!"

मी फोटो उजेडात धरला. किल्ली नव्हती.