ढोलीतला रविवार

दवनीवाड्याच्या रविताने एखादी गोष्ट मनावर घेतली की घरातलं मांजरही वाट सोडून बसतं. माहेर फुलचूरचं, गोंदिया शहराला लागून. त्यामुळे बोलण्यात निम्मी हिंदी, आणि स्कूटी अशी चालवायची की समोरून येणाऱ्यानेच देवाचं नाव घ्यावं. धानवाल्या घरात सून होऊन आली आणि बघता बघता रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, रांगेत भल्याभल्या बायांना मागे टाकू लागली. अशा बाईला हरवलं कोणी, तर तिच्या आठ वर्षांच्या लेकीच्या हातातल्या फोनने.

आणि तो फोन लेकीच्या हाती दिला होता रवितानेच. रोवणीचे दिवस, गुडघाभर चिखल, आणि बांधावर चंचल रडतेय. रविताने नवऱ्याचा मोठा फोन तिच्या मांडीवर ठेवला, कार्टून लावून दिलं, पोरगी चिडीचूप. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. रोवणी संपली, धान निसवला, कापणी झाली, मळणी झाली, पण पोरीची मान काही वर आली नाही. जेवताना फोन, वेणी घालताना फोन. एकदा शेजारणीने विचारलं, चंचल, तुझी आई कुठी आहे? पोरगी खाली बघतच म्हणाली, बाहेर गेली. रविता तिच्या बाजूलाच बसून वाल सोलत होती.

तिने फोन हिसकावला. चंचलने घर डोक्यावर घेतलं, ताट ढकललं, जमिनीवर लोळण घेतली. आणि रडून दमल्यावर एकच गोष्ट बोलली.

"बाबा त दिवसभर पाहते. त्याले काऊन नाही बोलत?"

बाबा, म्हणजे ओमेश्वर, त्या वेळी खाटेवर पडून तेच करत होता. माणूस वाईट नाही. दारू नाही, पत्ते नाहीत, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त रील. कोणी ट्रॅक्टर नाल्यातून काढतोय, कोणी दगडांच्या चुलीवर कोंबडी भाजतोय, हा आपला बघतोय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

मग रविताने करार केला. घरात मोठा फोन एकच, तिच्याकडे बोलण्यापुरता बटणांचा. दर रविवारी सकाळच्या चहापासून दिवेलागणीपर्यंत मोठा फोन कापडी थैलीत घालून ढोलीत ठेवायचा. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणमातीने लिंपलेली, पुरुषभर उंचीची धानाची कोठी. वरच्या तोंडातून धान भरायचं, लागेल तेव्हा तळाच्या भोकातला बोळा काढून उपसायचं. चंचलने मान्य केलं, पण अट घालून. बाबाचा फोन एका रविवारी जरी बाहेर दिसला तर करार मोडला. मग मी रोज पाहणार आणि कोणी मला बोलायचं नाही. रविताने हो म्हटलं. ओमेश्वरनेही म्हटलं, जरा जास्तच लवकर.

पहिला रविवार असा गेला की दुश्मनाच्या घरीही जाऊ नये. चंचल ढोलीला पाठ लावून मुसमुसत बसली. दुसऱ्या रविवारी तिने कंटाळून विचारलं, आई, तू लहानपणी काय करत होती? बस, रविताला एवढंच हवं होतं. तिने कोळशाने ओसरीवर अष्टचंग्याचा पट काढला, सोंगट्या म्हणून बांगड्यांच्या काचा मांडल्या, चिंचोके फोडून फासे केले. एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला चंचल, तिसऱ्या बाजूला सासरे तुलसीराम, जे नातीपेक्षा जास्त लबाडी करायचे. पोरगी हसायला लागली. डाव हरली की भांडायला लागली. रविताला ते भांडणसुद्धा गोड लागायचं, रात्री आठवून ती एकटीच हसायची.

पटाची चौथी बाजू तेवढी रिकामी राहायची. ओमेश्वर रविवारी सकाळी सगळ्यांदेखत थैली ढोलीत ठेवायचा, कारण हात त्याचाच पुरायचा, आणि लगेच बैलांना चारा घालायला कोठ्यात, म्हणजे गोठ्यात, जायचा. तो जेवायलाच परत. जेवला की पुन्हा कोठ्यात. बैलांची अशी सेवा पंचक्रोशीत कोणी केली नसेल. फोन नाही तर माणूस जनावरांत रमला, म्हणून रविता कौतुकाने शेजारणीला सांगायची.

आणि मग पौषातला तो रविवार आला. थैली ढोलीत गेली, ओमेश्वर कोठ्यात गेला, रविता चंचलला घेऊन तलावावर धुणं धुवायला गेली. इकडे राईस मिलचा ट्रॅक्टर गावात आला होता. तुलसीरामांनी विचार केला, आयती गाडी आली आहे तर दोन पोती भरडून घेऊ. त्यांनी ढोलीचा बोळा काढला, पोती भरली, तोंडं शिवली, ट्रॅक्टरवर चढवली आणि हात झटकून विडी पेटवली.

रविता परत आली ती धुण्याची बादली घेऊन. सवयीने ती पाटावर चढून ढोलीत डोकावली आणि बादली हातातून सुटली. धान खालून काढलं की वरचं मधोमध खचतं आणि वर ठेवलेलं आधी खाली जातं, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मधोमध हा एवढा खड्डा, आणि थैली गायब. तुलसीरामांनी कपाळावर हात मारला. जन्म गेला ढोली भरण्यात, आणि फोन वर आहे, धान तर मी खालून काढतोय, एवढ्यावर म्हातारा निर्धास्त राहिला होता.

रविताच्या डोळ्यांपुढे गिरणी फिरू लागली. फोनचा भुगा होणार. घरात तांडव होणार, आणि त्या तांडवात तिचा रविवार जाणार. कोण पुन्हा ढोलीत फोन ठेवू देईल? पोरीचं हसू हातातोंडाशी आलं होतं, ते पुन्हा त्या काचेत जाऊन बसणार.

तिने ओमेश्वरला हाका मारून बाहेर काढलं आणि सगळं सांगितलं. तो क्षणभर गोरामोरा झाला. मग म्हणाला, जाऊ दे, जुनाच तर होता. रविता त्याच्याकडे बघतच राहिली. याच फोनच्या काचेला चरा गेला तेव्हा या माणसाने दोन वेळा अन्न घेतलं नव्हतं. पण विचार करायला वेळ कुठे होता? तिने स्कूटी काढली, मध्ये चंचल, मागे नवरा, आणि निघाली. स्कूटी बांधाबांधाने उडत होती, चंचल "अजून जोरात, आई" म्हणून ओरडत होती, आणि ओमेश्वर मागून सांगत होता की पेट्रोल कमी आहे, रस्ता खराब आहे, उद्या बघू.

"चूप बसा जी," रविता म्हणाली, आणि चूप तो बसला.

मिल गावाबाहेर, तांदळाच्या कोंड्याने पांढरी झालेली. पट्टे धडधडत होते, बोललेलं बोलणाऱ्यालाही ऐकू येत नव्हतं. मिलवरचा बिसराम एक पोतं ओढत धान ओतायच्या हौदाच्या तोंडाशी नेत होता. पोत्यावर तुलसीरामांची खूण, निळ्या सुतळीची शिवण. स्कूटी थांबायच्या आधीच चंचल उतरली. जी पोरगी पाणी प्यायला खाटेवरून उठत नव्हती ती हरणासारखी धावली, आणि जाऊन बिसरामच्या हातातल्या पोत्यावर चक्क बसली. बिसराम घाबरून मागे सरला. रविताने हात जोडून खुणा केल्या, मशीन बंद करा, बंद करा.

पट्टे हळूहळू थांबले. एवढ्या गोंगाटानंतर अशी शांतता झाली की छपरावरच्या चिमण्या ऐकू येऊ लागल्या. पोती दोन, थैली कोणत्या पोत्यात कोण जाणे. दोन्ही उसवून धान पसरावं लागणार. तेवढ्यात रविताला सुचलं आणि तिला स्वतःचाच अभिमान वाटला. तिने कमरेचा बटणांचा फोन काढला. रिंग देऊ, वाजेल तिथे उसवू. हमाल जमले, बिसरामने एका पोत्याला कान लावला, चंचलने दुसऱ्याला.

"नको लावू," ओमेश्वर म्हणाला. "बॅटरी गेली असन."

रविताने बटण दाबलं.

आणि मिलमध्ये कोंबडा आरवला. चंचलनेच कधीतरी लावून दिलेली ती रिंग, भर दुपारी, खणखणीत. पोत्यातून नव्हे. ओमेश्वरच्या पॅंटच्या खिशातून.

कोंबडा आरवतच राहिला. ओमेश्वरचा हात खिशाशी गेला आणि तिथेच थांबला. हमाल आधी एकमेकांकडे बघत राहिले आणि मग असे हसले की एकाने खालीच बसकण मारली. बिसरामने हसू दाबत पोत्यांची शिवण उसवली, खांद्यापर्यंत हात घातला आणि थैली काढून चंचलला दिली. तिने उघडली. आत धुण्याच्या साबणाची अर्धी वडी होती. पहिल्या रविवारापासून रविता ती वडी शोधत होती, आणि तिच्यापायी गावातल्या एका कावळ्याला रोज शिव्या देत होती.

रविताला सगळं एकदम कळलं. कोठा कळला, बैलांची सेवा कळली, जुनाच तर होता हेही कळलं. राग असा आला की डोळ्यांत पाणी आलं. पण रागाहून मोठी भीती होती. करार मोडला होता. पोरीने मोडला नव्हता, एकाही रविवारी तिने ढोलीकडे हात नेला नव्हता. बापाने मोडला होता, तोही पहिल्या दिवसापासून. आता चंचल म्हणेल, दे फोन, आणि रविता कोणत्या तोंडाने नाही म्हणणार?

ओमेश्वरनेही तेच ओळखलं असावं. त्याने फोन काढला आणि मान खाली घालून लेकीपुढे धरला. घे बाई, तुझ्या अटीप्रमाणे आता तुझा, असं काहीतरी पुटपुटला. चंचलने फोन घेतला. हमाल हसायचे थांबले.

चंचलने साबण आईच्या हातात दिला. रिकाम्या थैलीत फोन घातला, नाडी आवळली, आणि मगच बापाकडे पाहिलं.

"मले वाटे, तुले आमच्यापेक्षा बैलच आवडते," ती म्हणाली.

ओमेश्वरने लेकीला उचलून कडेवर घेतलं, एवढ्या मोठ्या पोरीला, सगळ्यांदेखत. रविताला बोलायचं बरंच होतं, मनात शिव्यांची उजळणीही झाली होती. पण तिने स्कूटी सुरू केली आणि येताना सावकाश चालवली.

घरी आल्यावर ओमेश्वरने ढोलीचा बोळा शेणमातीने लिंपून टाकला आणि नातीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही म्हणून तुलसीरामांना बजावलं. त्यांनी मान डोलावली. मग चंचलने बापापुढे थैली उघडून आत पाहिलं, फोनच आहे याची खात्री करून घेतली, आणि दिवेलागणीला अवकाश होता म्हणून ती पुन्हा ढोलीत ठेवायला त्याच्याकडे दिली. त्याने ठेवली आणि नजर वर न करता येऊन पटाच्या चौथ्या बाजूला बसला.

चिंचोके कसे टाकायचे हेही त्याला आठवेना. लेकीने शिकवलं. त्याची पहिली काच मारली गेली तेव्हा चंचल अशी ओरडली की शेजारीण भिंतीवरून डोकावली, आणि रविता हसता हसता पदराने डोळे पुसत होती. कोठ्यात बैल हंबरत होते. त्यांना आज नेमाचाच चारा मिळाला होता.