टोकनताईचं एकच उत्तर

"मी हात लावला नाही, पण नजरही काढली नाही." टोकनताई हे दर रविवारी एकदा तरी म्हणायची, आणि म्हणताना समोरच्याकडे असं बघायची, जणू त्याने तिच्या दारावर दगड मारलाय.

दगड मारणारे आम्हीच होतो. घड्याळजीच्या दुकानावरच्या खोलीत रविवारी दुपारी आम्ही चौघं जमायचो. घड्याळजी, दवाखान्यातला कंपाउंडर, टोकनताई आणि मी. काम एकच. जुन्या व्हिडिओ गेमच्या पडद्याचा फोटो टेबलावर पालथा ठेवायचा. तो उलटला, की ज्याची थाप टेबलावर आधी पडेल त्याने गेमचं नाव सांगायचं. उत्तर एकच. "थांबा, मला तसं म्हणायचं नव्हतं" हे चालायचं नाही. बाहेरच्याला हा पोरखेळ वाटेल. वाटू दे. केस पिकलेली चार माणसं चार विटा आणि एक शिडी बघून श्वास रोखून धरतात, हे ज्याने पाहिलं नाही त्याला मी सांगून काय कळणार?

टोकनताईच्या थापेला तोड नव्हती. तरुणपणी चौदा वर्षं ती गेमच्या पार्लरमध्ये टोकन द्यायला बसली होती. बारा मशीनं, एक खिडकी, खिडकीमागे ती. स्वतः एकदाही खेळली नाही, मालकाची सक्त ताकीद होती. पण कोपऱ्यातला ढगाचा तुकडा दिसला, तरी उन्हात शेंग तडकावी तसं तिच्या तोंडून नाव फुटायचं.

घरी ती भावाकडे राहायची. भावजय तिच्यापुढे निवडायला भाजी टाकायची आणि ही बोलू लागली, की टीव्हीचा आवाज वाढवायची. आठवड्यातून दोन तास तिला कुणी काही विचारायचं, ते या खोलीत. हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. कंपाउंडरला जरा जास्तच.

त्या दोघांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदा त्याने नाव चुकवलं आणि त्याच श्वासात दुरुस्त केलं. ताई म्हणाली, "सुटलं ते सुटलं. पेशंटने गोळी गिळल्यावर बदलून देतोस का रे?" आम्ही पोट धरून हसलो. तो हसला नाही. त्या दिवसापासून त्याने एकच धोशा लावला: जी कधी खेळलीच नाही, तिला इथे बसवायचं कशाला?

एका रविवारी तो सहा फोटो आणि खिशात नावांची चिठ्ठी घेऊन आला.

"आज सोक्षमोक्ष लावू," तो म्हणाला. "पहिला फोटो. बाईंनी ओळखला, तर मी हा विषय पुन्हा काढणार नाही. चुकल्या, तर खुर्ची रिकामी करायची. कायमची."

"कशाला रे हे?" घड्याळजी पुटपुटला.

"मान्य," ताई म्हणाली. "फोटो उलट. आणि तोंड बंद ठेव, तुझ्या औषधाचा वास येतो."

फोटो उलटला. नारिंगी आकाश, टेकडीवर तीन तोफा, आणि उजवीकडे नाक करून निघालेलं करडं विमान.

थाप पडली. "टिन बझर्ड!"

कंपाउंडर सावकाश हसला. चिठ्ठी काढून त्याने घड्याळजीच्या हातात दिली. घड्याळजीने वाचलं आणि चष्मा पुसत बसला. "आयर्न हेरॉन," तो शेवटी म्हणाला.

दोन्ही गेम एकाच साच्यातले. हेरॉन अस्सल, बझर्ड त्याची चोरून केलेली नक्कल. आकाश तेच, तोफा त्याच. चोरांनी फक्त विमान उलट्या दिशेने पळवलं. हेरॉन उजवीकडे जातं, बझर्ड डावीकडे. आमच्यात हे नवशिक्यालाही पाठ.

"खोटं आहे," ताई ओरडली. "आमच्याकडे दोन्ही मशीनं होती. हेरॉन डावीकडे जातं. चौदा वर्षं बघितलंय मी!"

"पार्लरमध्ये होता तरी का तुम्ही?" कंपाउंडर म्हणाला. "मला तर वाटतं, भाच्याच्या मोबाइलवर पाठ करून येता."

"जीभ हासडीन तुझी!"

तिला आधार मिळावा म्हणून मी विचारलं, खरंच तेवढ्यासाठीच विचारलं, "ताई, तुमची खिडकी कुठल्या बाजूला होती?"

"रस्त्याच्या. पोरं बाहेरून टोकन घ्यायची."

"आणि मशीनं?"

"पाठीमागे."

"मग दिसायची कशी?"

"आरशात. मशीनला लाथ कोण घालतंय ते कळावं, म्हणून मालकाने माझ्यासमोर भलामोठा..."

ती थांबली. आरशात डावं ते उजवं दिसतं, हे तिच्या आणि आमच्या एकदमच ध्यानात आलं.

जंगल उलटं केलं तरी जंगलच राहतं, शिडी शिडीच राहते. इतकी वर्षं तिचं काही अडलं नव्हतं. अडलं ते या दोन विमानांपाशी.

"चौदा वर्षं!" कंपाउंडरने मांडीवर हात मारला. "चौदा वर्षं बाईंनी सगळं उलटंच बघितलं!"

घड्याळजीने फोटो उचलून भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेसमोर धरला. काचेत विमान डावीकडे वळलं. "हे बघा," तो म्हणाला, "त्यांना जे दिसलं ते त्यांनी बरोबर सांगितलं. खुर्ची राहील."

"राहू द्या की," कंपाउंडर डोळे पुसत म्हणाला. "म्हातारीची कीव करायला माझी कुठे ना आहे? बसा बाई, बसा."

ताई उठली.

"कीव घरी जाऊन कर. उत्तर एकच असतं. मी दिलं, चुकलं." मग ती माझ्याकडे वळली. "आणि तुला रे? फार हौस होती खिडकी विचारायची?"

"ताई, मी तुमच्याच बाजूने..."

"गप्प बस."

तिने उरलेले पाच फोटो एकेक करून उलटले, पत्ते आपटावेत तसे. "कॉपर माइन. लिटल डायव्हर. मड रॅली. क्रॅब सोल्जर. हा मूनलाइट पोस्टमन, तिसरी फेरी. दुसरीत इथे कुत्रा असतो."

घड्याळजी चिठ्ठीवरून बोट फिरवत गेला. पाचही बरोबर.

"पैज पहिल्याची होती," कंपाउंडर म्हणाला, पण आवाजात दम नव्हता.

"म्हणून तर चाललेय, गाढवा."

लाकडी जिना तिच्या पावलांखाली करकरला. घड्याळजीने दोनदा हाक मारली, "ताई! अहो ताई!" मी जागचा हललो नाही, माझ्यात तेवढी हिंमत नव्हती.

खिडकीत गेला तो कंपाउंडर. खाली रस्त्याच्या मधोमध एक टेम्पो तिच्या अंगावर हॉर्न वाजवत आला. तिने बोनेटवर हात आपटला आणि त्या ड्रायव्हरला अशा शिव्या घातल्या, की त्याने गाडी मागे घेतली. मग पदर खोचून ती टायरच्या दुकानावरून पुढे चालत गेली. मागे वळून तिने पाहिलं नाही.

"बस आता," घड्याळजी म्हणाला.

कंपाउंडर बसला नाही. ती वळणाआड जाईपर्यंत आणि त्यानंतरही बराच वेळ तो खिडकीच्या गजाला धरून उभा होता.