यांना चुनलं कोणी?

उज्जैनमध्ये लोकशाही अजून धडधाकट आहे, ती केवळ माझ्या बायकोच्या काकांमुळे, असं माझं प्रामाणिक मत आहे. साहेबलोकांनी कुठंही एखादं नवं प्राधिकरण काढलं की काका पेपर खाली ठेवतात, चष्मा काढतात आणि विचारतात, "पण यांना चुनलं कोणी?" निवडून आलेल्यांनी खाती काढावीत, परीक्षा पास झालेल्यांनी ती चालवावीत, हा त्यांचा सिद्धांत. तो घरातही लागू असे. आमच्या लग्नात पंगतीचं बघा म्हटलं, तर त्यांनी आधी वऱ्हाडाचं मत घेतलं, तोवर पुऱ्या गार झाल्या. काकू म्हणायच्या, "मला तरी कुठं कोणी चुनलं होतं? घर चालवतेच आहे ना!" यावर मात्र काका पुन्हा पेपर उचलत.

काकू गेल्या आणि काकांचं सगळं बोलणं नानाखेड्यातल्या आमच्या कॉलनीच्या कट्ट्यावर येऊन थांबलं. संध्याकाळी तिथं म्हातारे जमतात, प्राधिकरणांना झोडपतात, मग काका रात्री दोन घास नीट जेवतात. त्यामुळे रस्ता सुंदर करायला अधिकाऱ्यांनी एक नवं प्राधिकरण काढलं आणि त्याच्या नकाशात आमचा कट्टाच दिसेना, तेव्हा आम्ही घरचे घाबरलो. काका उलट तरतरीत झाले. मला घेऊन कचेरीत गेले आणि तिथल्या तरुण साहेबाला त्यांनी सरळ विचारलं, "आपको चुना किसने?"

साहेब हसला. "काकाजी, नागरिक सदस्य की जगह खाली है. आप ही आ जाइए, कट्टा बच जाएगा."

"पहले चुनाव होगा," काका म्हणाले.

कट्ट्यावर रीतसर निवडणूक झाली. एक उमेदवार काका. दुसरे आमचे शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, चर्चा सुरू झाली की डुलकी घेणारे. समोर कुणीतरी हवं म्हणून त्यांना उभं केलं होतं. शेवेच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. काका निवडून येणारच, तर बिचाऱ्या शेजाऱ्यांना वाईट वाटू नये, असा विचार प्रत्येकाने गुपचूप केला. मीही केला. शून्य मतं पडली तर लाज जाईल म्हणून शेजाऱ्यांनीही स्वतःलाच मत दिलं, आणि स्वतःला मत देणं असभ्य म्हणून काकांनीही त्यांनाच दिलं. डब्यात काकांच्या नावाची एकही चिठ्ठी निघाली नाही.

"जनतेचा फैसला आहे," काका म्हणाले आणि त्यांनी शेजाऱ्यांना हार घातला.

शेजाऱ्यांनी बैठकीत डुलकी घेतली, पण त्याआधी कट्टा तेवढा राहू द्या म्हणून सांगितलं. कट्टा राहिला. त्यावर प्राधिकरणाची पाटी लागली आणि काका बसेनासे झाले. न चुनलेल्यांच्या कट्ट्यावर कसं बसायचं? रोज येत, काठी टेकून बाजूला उभे राहत. मला ते बघवेना.

शेवटी मीच म्हटलं, "काकांनी बसावं असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा." सगळ्यांचे हात वर गेले. काकांनी ते नीट पाहिले आणि बसले. पण ठराव त्या दिवसापुरता, असं त्यांनी बजावलं. म्हणून आता रोज संध्याकाळी मतदान होतं. अलीकडे काका फार थकलेत. कधीतरी हात वर करूनही समोर काका नसतील, हे मनात येतं आणि माझे दोन्ही हात वर जातात.

"एक खाली घ्या, जावईबापू," काका म्हणतात. "माणसाला मत एकच."