सिल्लोडच्या प्रेसचं लाल कुलूप

"नवरात्रात सुट्टी? कुठं, गोवा की केरळ?" ऑफिसात सगळ्यांनी विचारलं. मी म्हटलं, सिल्लोड. कापसाची जिनिंग मिल बघायला. हसले सगळे. हसू देत!

झालं असं, की धाकटी बहीण सुनीता फोनवर रडत होती. तिचे यजमान विलासराव तिथल्या एका जिनिंगमध्ये फिटर आहेत. मागच्या सीझनला कापसाच्या गाठी दाबायच्या प्रेसमध्ये हात घालून काम करत असताना बाहेरून कुणीतरी बटण दाबलं. हात थोडक्यात वाचला. "ताई, तू चाकणला जगाला शिकवतेस, आमच्या माणसाला कोण शिकवणार?" मी मेंटेनन्समध्ये आहे. मशीनला हात लावण्याआधी ते पुरतं बंद करायचं, हे दुसऱ्यांच्या डोक्यात भरणं हाच माझा धंदा. त्याच दिवशी रजा टाकली.

पुण्याहून पहाटेची एसटी घ्या. बायकांना अर्धं तिकीट आहे आणि वाघोलीची गर्दी व्हायच्या आत सुटका होते. दुपारी संभाजीनगरला उतरून रिक्षानं थेट शहागंज गाठलं. उपास असल्यामुळं मटणाच्या नान-कलियाच्या वासाला हात जोडले आणि एका खानावळीत भगर-आमटी चापली. मग कुलपांचं दुकान. प्रत्येकाची चावी वेगळी हवी, असं दहादा बजावलं.

"इत्ते ताले कायकू, बाजी? मोहल्ला बंद करते क्या?" दुकानदार चाचा म्हणाले.

"नाही चाचा, मशीन बंद करायचंय," म्हटल्यावर त्यांनी कुलपांना रंगवायला लाल रंगाची डबीही काढून दिली. घासाघीस मात्र करू दिली नाही!

फुलंब्रीमार्गे सिल्लोडचा रस्ता आता झकास झालाय. दोन्हीकडं मका आणि फुटायला लागलेला कापूस होता. पुढं अजिंठ्याला जाणार असाल तर खिडकीची जागा सोडू नका. मी यंदा लेण्यांवर पाणी सोडलं.

दुसऱ्या दिवशी जिनिंगमध्ये सगळ्यांना प्रेससमोर उभं केलं आणि प्रत्येकाला एकेक लाल कुलूप चावीसकट दिलं. "वीज बंद झाली म्हणजे मशीन मेलं, असं समजू नका. तेलात दाब उरतो, वरचा दट्ट्या आपल्या वजनानं खाली येतो. म्हणून मेन स्विच पाडा, स्वतःचं कुलूप लावा, दाब सोडा, दट्ट्याखाली टेकण द्या. मग चालू करायचं बटण दाबून बघा. हूं की चूं झालं नाही, तरच आत जा. चावी आपल्याच खिशात."

"लई सोपंय की, ताई!" विलासराव म्हणाले. करूनही दाखवलं, अगदी चोख. मी खूश.

तिसऱ्या दिवशी खंडेनवमी. सीझनआधी याच दिवशी सगळी हत्यारं पुजतात आणि मुहूर्तावर मालक, म्हणजे दादासाहेब, स्वतःच्या हातानं प्रेस चालू करतात. मी पोचले तेव्हा झेंडूच्या माळा लागल्या होत्या. तबकात पाने-पकडी, हातोड्या मांडल्या होत्या आणि त्यांच्या शेजारी हळदीकुंकू लावलेल्या मी वाटलेल्या सगळ्या चाव्या! मेन स्विच चालू होता, लाल कुलूप काढून बाजूला ठेवलेलं. मुहूर्त म्हणून दट्ट्याखालचं टेकणही काढलेलं. दादासाहेब बटणाकडं निघाले होते.

सुनीता माझ्या शेजारीच उभी होती. तिनं इकडंतिकडं पाहिलं. "ताई, हे कुठंत?"

प्रेसच्या कापूस भरायच्या पेटीखाली विलासरावांच्या चपला होत्या.

"थांबा!" मी अशी ओरडले की दादासाहेबांच्या हातातला नारळ खाली पडला.

पेटीतून विलासरावांचं डोकं वर आलं. हातात तेलकट चिंधी. "पूजेला डाग नको म्हनून जरा पुसत होतो."

"आणि चावी?"

"नवमीला हत्यार पूजेत ठिवतेत ना. त्यात दादासायबांनी मागितल्यावर खिशात कशी ठिवू? मोठ्या माणसाला नाय कसं म्हणावं?"

सुनीतानं त्यांना दंडाला धरून बाहेर ओढलं. मला राग आला, रडू आलं, दोन्ही एकदम. चावी त्यांनी अदबीनं दिली होती, सगळ्यांनी त्यांचं बघून दिली होती. मी दाब शिकवला, दट्ट्या शिकवला, पण या अदबीचा विचारच केला नव्हता.

दादासाहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांनी तबकातली चावी उचलली आणि विलासरावांच्या खिशात घातली. "आजपासून मी मागितली तरी देऊ नको," एवढंच बोलले. मुहूर्त टळला तो टळला. सगळे बाहेर आल्याची खात्री करून प्रेस चालू केली. संध्याकाळी सुनीताकडं पुरणपोळी होती, तिनं मात्र ताट तसंच बाजूला सारलं.

परत येताना कुलपांच्या दुसऱ्या, जोडीच्या चाव्या पर्समध्ये घालून आणल्या. मागेल त्याला मिळतील म्हणून तिथं ठेवायचा धीर झाला नाही, खरं सांगते. मालकानं शब्द दिला, पण मागितल्यावर विलासराव नाही म्हणतील का? रोज पर्स उघडली की त्या खुळखुळायच्या आणि मी ती पटकन मिटायची.

दिवाळीनंतर सुनीताचा फोन आला. ती डबा द्यायला जिनिंगमध्ये गेली होती. फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, प्रेस अडकलेली, विलासराव आत. दादासाहेब घाईत शब्द विसरले आणि चावी मागितली.

"मग?"

"हे आतूनच ओरडले, नाय देत! भायेर आल्यावर देतो! ताई, आमच्या लग्नापासून मोठ्या माणसाला नाय म्हणताना मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं." हसता हसता ती रडायला लागली. मीही.

दुसऱ्या दिवशी गल्लीत भंगारवाला आला. पर्समधल्या चाव्या मी त्याला देऊन टाकल्या. आता प्रत्येक कुलपाला एकच चावी, ज्याच्या त्याच्या खिशात.